दिवस भरत आल्यावर

दिवस भरत आलेल्या बाईला घर सोडून ये म्हणणं सोपं नाही. चूल, गुरं, धाकटं पोर, रोवणीला आलेली बांधी, म्हातारी सासू, सगळं मागं ठेवून तिनं आठ-दहा दिवस आधीच दवाखान्याच्या आवारात येऊन राहायचं, आणि तेही काही दुखतखुपत नसताना. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, भामरागडच्या भागात, आम्ही आरोग्यसेविका आणि आशाताई हेच सांगत गावोगाव फिरतो. इथं कळा सुरू झाल्यावर घरून निघायचं ठरवलं, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडजवळ एकत्र येतात. पावसाळ्यात इंद्रावती फुगली की बाकीच्या दोघींचं पाणी तुंबतं, पुलावर चढतं आणि रस्ता बंद होतो. मोठ्या नद्यांची निदान बातमी तरी होते. आम्हाला खरं अडवतात ते गावागावांमधले नाले. सकाळी घोट्याएवढं पाणी असलेला नाला दुपारच्या एका सरीनंतर कमरेला लागतो. त्यातून खाटेला दोर बांधून, ती खांद्यावर घेऊन, अडलेल्या बाईला आणणारी माणसं मी पाहिली आहेत. जिवाच्या आकांतानं येतात बिचारी. पण बाळ आडवं असलं किंवा वार पडल्यावर रक्त थांबत नसलं, तर माणूस कितीही पळाला तरी कमीच पडतो.

म्हणून तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की आमची यादी सुरू होते. प्रत्येक आशाताई आपली नोंदवही घेऊन येते. कोणाची शेवटची पाळी कधी, त्यावरून बाळंतपणाची तारीख कोणती, गाव कोणत्या नाल्यापलीकडे, आधी सिझर झालंय का, रक्त किती, सिकलसेल आहे का, बीपी कसं. पाळीची तारीख पुष्कळदा कामावरून काढावी लागते. मोहफुलं वेचायला जायच्या आधी की नंतर, धान कापून झालं होतं का, असं विचारत विचारत आम्ही महिन्यापर्यंत येतो. जून ते सप्टेंबर या काळात ज्यांचे दिवस भरणार, त्यांची नावं वेगळी काढायची आणि पाणी चढायच्या आत त्यांना अलीकडे आणायचं. अलीकडे म्हणजे माहेरघरात.

आदिवासी जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरं असावीत, ही शासनाची योजना २०१०-११ च्या सुमारास सुरू झाली. आमच्याकडचं माहेरघर म्हणजे दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढं पत्र्याची पडवी. बाईबरोबर घरचं एक माणूस आणि धाकटं मूल राहू शकतं. बचत गटातल्या मावशी स्वयंपाक करतात. भात, डाळ, भाजी, अंडं असं ताजं जेवण दोन्ही वेळेला मिळतं. बुडालेल्या मजुरीपोटी बाईला काही रक्कम मिळते. बाळंतपण दवाखान्यातच होतं, माहेरघर फक्त थांबण्यासाठी.

हा 'फक्त थांबण्याचा' काळच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत आला आहे. आमच्या अहवालात किती गरोदर माता दाखल झाल्या आणि किती दिवस राहिल्या, एवढंच भरायचं असतं. त्या दिवसांत त्या एकमेकींसाठी काय करतात, याला रकाना नाही. आणि मी इतकी वर्षं जे पाहत आले ते असं, की बाळंतपणाची भीती आम्ही दिलेल्या माहितीनं जेवढी उतरते, त्याहून जास्त ती शेजारच्या खाटेवरच्या पोटुशीमुळं उतरते.

भीती कशाकशाची असते, ते आधी सांगते. पहिलटकरणीला कळांची असतेच. पण त्याहून मोठी भीती त्या खोलीची असते. उंच लोखंडी टेबल, डोक्यावर दिवा, स्टीलचा ट्रे, दार बंद. घरी बाळंत होताना बाई ओणवी होते, उकिडवी बसते, छताला बांधलेल्या दोराला धरते, पाठीशी कोणी तरी बसलेलं असतं. इथं तिला वाटतं, आपल्याला उताणं निजवतील, पाय बांधतील, कापतील. पुरुष डॉक्टर असला तर लाजेची भर. मग वारेचं काय करणार, ती आपल्या माणसांच्या हाती देतील की फेकून देतील, ही काळजी. आणि 'पुढे पाठवतील' ही तर सगळ्यांनाच. पुढे म्हणजे आलापल्ली-अहेरी, सुमारे ६५ किलोमीटर. त्याच्याही पुढे गडचिरोली. तिथं आपली भाषा कोण बोलणार, नवऱ्याला खायला कोण घालणार, आणि मेलोच तर परत कसे येणार, असं सगळं त्या एका शब्दाशी चिकटलेलं असतं.

शहरातून आलेला माणूस याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो. ते बरोबर नाही. इथली माणसं औषधाला भीत नाहीत. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला आणि तिथल्या दवाखान्यात माणसं दोन-दोन दिवस चालून येत आली आहेत. सर्च संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दवाखाना उभारताना आधी लोकांनाच विचारलं होतं, की तो कसा असावा. रुग्णाजवळ घरच्यांना राहता यायला हवं, हे लोकांनी सांगितलं. त्यातून त्यांच्या शोधग्राममध्ये मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांचा दवाखाना झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. भीती होती ती एकटं पडण्याची. आमच्या बायकांचीही तीच आहे.

माहेरघरात आलेली बाई पहिला दिवस गप्प असते. विचारलं की मान हलवते. "घाबरू नको" म्हटलं की अजूनच गप्प होते, कारण त्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराशी घोटाळायला लागते. रिकामं बसणं तिच्या अंगवळणी नसतं. मावशींच्या हातातलं सूप घेते, तांदूळ पाखडायला बसते. तिच्या शेजारी दुसरी बसते. आणि मग बोलणं सुरू होतं. माडिया भाषेत चालतं ते. मला आता बरंचसं समजतं, अडलं तर आशाताई सांगते.

असाच एकदा पावसानं कोंडलेला दिवस होता. एकोणीस वर्षांची एक पहिलटकरीण तिथं होती, लाहेरीच्या पलीकडच्या गावातली. मी तपासायला गेले की ती डोळे मिटून घ्यायची. तिला काय वाटतंय, हे तिनं मला कधीच सांगितलं नाही. सांगितलं ते तिसऱ्या खेपेला आलेल्या एका बाईला, तांदळातले खडे निवडता निवडता. गावात कोणी तरी तिला सांगितलं होतं, की दवाखान्यात सगळ्यांनाच कापतात आणि नंतर शिवतात, ती जखम कधी भरत नाही. त्या बाईनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "मागच्या वेळी मला दोन टाके पडले. कापलं नव्हतं, बाळ येताना थोडं फाटलं होतं. आधी सुई दिली, मग शिवलं. आठ दिवस बसताना दुखलं. पहिल्या वेळी काहीच झालं नाही."

एवढंच. यात दिलासा देणारा एकही गोड शब्द नव्हता. दुखलं हे तिनं लपवलं नाही आणि वाढवलंही नाही. पोरीनं विचारलं, "आठ दिवस?" ती म्हणाली, "आठ. मग रोवणीला वाकत होते." मी दारात उभी होते. तेव्हा मी आत जाऊन बसले आणि पुढचं सांगितलं. प्रत्येकीला कापत नाहीत, गरज पडली तरच छेद घेतात, आणि घ्यायचा झाला तर आधी सांगतात. पोरगी पहिल्यांदा माझ्याकडे बघून ऐकत होती. तीच गोष्ट मी आधी दोनदा सांगितली होती. पण आता तिला ती ऐकायला जागा झाली होती.

सुपात तांदूळ पाखडले की कोंडा उडतो आणि खडा तळाशी राहतो, तसं या बोलण्यात भीतीचं होतं. ऐकीव गोष्टी उडून जातात. कोणी म्हणते, सिझर झालेल्या बाईला पुन्हा काम जमत नाही. दुसरी आपल्या जावेचं उदाहरण देते, ती सिझरनंतर पाणी आणते, लाकडं आणते. कोणी म्हणते, लोहाच्या गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं आणि अडतं. तिसरी म्हणते, मी सगळ्या खाल्ल्या, पोरगी अडीच किलोची झाली आणि सुखरूप झाली. हे सगळं उडून गेल्यावर जे तळाशी राहतं, ते खरं असतं आणि तेच माझ्या कामाचं असतं. पाय सुजलेत, पण आज तोंडही सुजलंय. बाळ कालपासून कमी हलतंय. खालून पाणी गेल्यासारखं वाटतंय. भीती एकटीच्या पोटात असते तेव्हा कोंडा कोणता आणि खडा कोणता, हे तिला स्वतःलाच कळत नाही, मग ती मला काय सांगणार?

खोट्या कळांचं तर जवळपास प्रत्येक रात्री होतं. नववा सरत आला की पोट अधूनमधून घट्ट होतं, ओटीपोटात दुखतं, बाई उठून बसते. सगळं माहेरघर जागं होतं. अशा वेळी अनुभवी बाई काय करते ते बघण्यासारखं असतं. ती पोरीचा हात धरून तिला पडवीत फिरवते. पोट घट्ट झालं की पोरीचाच तळवा तिच्या पोटावर ठेवते, सैल होईपर्यंत दाबून धरते, आणि मग विचारते, कमरेतून येतंय का? आधीच्यापेक्षा जोर वाढलाय का? दोन चकरांत दुखणं विरलं, तर "अजून वेळ आहे" म्हणून निजवते. कळ कमरेतून पुढं येत असेल, ठरावीक वेळानं येत असेल, चालून थांबत नसेल, तर मला उठवायला येते. माझ्या पुस्तकात खऱ्या आणि खोट्या कळांचा फरक अगदी हाच लिहिलेला आहे. तपासून पक्कं करायचं काम माझं. पण त्या पोरीला आपल्या अंगाची ओळख तिथं पडवीत होते, स्वतःच्या तळव्याखाली.

आमच्या हाती असतं ते आम्हीही करतो. दिवसा, लेबर रूम मोकळी असताना, सगळ्यांना तिथं घेऊन जाते. टेबलावर चढून बघा म्हणते. दिवा लावून दाखवते, बंद करून दाखवते. बाळाला ऊब देणारं यंत्र दाखवते. बाळ आल्याबरोबर आईला दंडात किंवा मांडीत जे इंजेक्शन देतो, ते रक्तस्राव रोखण्यासाठी असतं, हे तिथंच सांगते. पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यायचं आणि चीक पाजायचा, हेही. कळा सुरू असताना उताणं पडून राहायची सक्ती नाही. चाला, बसा, कुशीवर निजा. वार हवी असेल तर घरच्यांनी मागा, पिशवीत बांधून देऊ. डॉपलर लावते तेव्हा आवाज मोठा ठेवते. एकीच्या बाळाचे ठोके चौघी ऐकतात, मग प्रत्येकीला आपल्याही बाळाचे ऐकायचे असतात. मिनिटाला ११० ते १६० च्या आत असले की ठीक, हे आता मी सांगायच्या आधी त्याच एकमेकींना सांगतात.

एका गोष्टीची मात्र मी फार काळजी घेते. सोबत ही तपासणीच्या जागी चालत नाही. माया कितीही असली तरी मायेनं बीपी मोजता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून कशा चालतात, हे मला एका प्रसंगानं पक्कं दाखवलं.

दुसऱ्या खेपेची एक बाई माहेरघरात होती. शांत, कष्टाळू, तक्रार नावाला नाही. सकाळी तपासलं तेव्हा बीपी काठावर होतं. संध्याकाळी पुन्हा बघायचं ठरवून मी लसीकरणाच्या कामाला लागले. दुपारी तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई दवाखान्यात आली. तिचंही पोट नवव्या महिन्याचं. मला म्हणाली, "ताई, ती जेवली नाही. डोकं धरून बसली आहे. मी पोराला पुढं धरलं तर तिला नीट दिसेना." जिचं दुखत होतं ती स्वतः आली नसती. डोकं तर रोजच दुखतं, त्यात काय सांगायचं, असं तिचं. पण चार दिवस शेजारी निजलेल्या बाईला कळलं होतं, की हे रोजचं नाही.

मी गेले तेव्हा बीपी १६० च्या वर गेलेलं होतं. लघवीत प्रथिनं. डोळ्यांपुढं अंधारी. झटके येण्याच्या आधीची ही लक्षणं कोणत्याही नर्सच्या पाठ असतात. डॉक्टरांना बोलावलं, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम दिला, बीपी उतरवायचं औषध सुरू केलं, १०८ ला फोन लावला. 'पुढे पाठवायचं' म्हटल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. नवरा गावी गेलेला, बरोबर फक्त सासू, तिला मराठी येत नाही. तेव्हा शेजारच्या त्या बाईनं खाटेखालची गाठोडी ओढली, लुगडं, बाळाची दुपटी, कार्ड, सगळं बांधलं, आणि तिच्या मोठ्या पोराला आपल्या कडेवर घेतलं. "हा माझ्यापाशी राहील. तू जा," म्हणाली. आशाताई गाडीत बसली, भाषेसाठी. त्या एका वाक्यानं ती बाई उठून चालू लागली. मी औषधं दिली होती, पण पोर कोणाकडे ठेवायचं या प्रश्नावर ती अडून बसली असती, तर औषधांचा वेळ हातचा गेला असता. पुढं तिचं सिझर झालं, आई आणि मूल दोघंही नीट राहिली. पोराला परत घ्यायला आली तेव्हा त्या दोघी बराच वेळ पडवीत बसल्या होत्या. तोवर शेजारणीलाही मुलगी झाली होती.

बाळंतपणाच्या खोलीत बाईच्या पसंतीची एक सोबतीण असावी, हे आता नियमात आहे. भारताच्या आरोग्य मंत्रालयानं सरकारी दवाखान्यांत अशा सोबतीला २०१६ साली मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही ते आहे. त्यामागं पुरावाही मोठा आहे. कळांच्या काळात सतत कोणी तरी जवळ असण्याचा काय परिणाम होतो, यावरच्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली कॉक्रेननं प्रसिद्ध केला. त्यात १५ हजारांहून जास्त बायका होत्या. ज्यांना अशी सोबत मिळाली त्यांचं बाळंतपण आपोआप, नैसर्गिकपणे होण्याचं प्रमाण जास्त होतं, सिझरचं कमी होतं, कळांचा वेळ थोडा कमी होता, आणि आपल्या बाळंतपणाबद्दल मनात कडवटपणा घेऊन जाणाऱ्या बायकाही कमी होत्या. ज्या उपायाला ना सुई लागते ना यंत्र, त्याचा एवढा गुण येतो, हे वाचलं तेव्हा मला आमची पडवी आठवली.

पण नियम झाला म्हणून सोबत आपोआप येत नाही. खोली लहान, पडदा नाही, नातेवाइकांची गर्दी होईल ही धास्ती, अशी कारणं सगळीकडेच निघतात. आम्ही एवढं केलं, की सोबत कोण हे कळा सुरू झाल्यावर ठरवायचं नाही, माहेरघरातच ठरवून ठेवायचं. कोणाला आई हवी असते, कोणाला सासू, कोणाला गावची सुईण. सुईणीला आम्ही आनंदानं आत घेतो. तिचे हात शेकडो बाळंतपणांत मुरलेले असतात; कळ आल्यावर कंबर कुठं दाबायची, हे मी तिच्याकडूनच पाहून घेतलं. आणि पुष्कळदा बाई नाव घेते ते माहेरघरातल्या मैत्रिणीचं, जी स्वतः आठवड्यापूर्वी मोकळी झालेली असते.

त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचं तसंच झालं. तिनं आईऐवजी त्या तिसऱ्या खेपेच्या बाईचं नाव घेतलं. तिला मुलगा होऊन चार दिवस झाले होते. बाळाला मावशींकडे देऊन ती आली, टेबलाच्या डोक्याशी उभी राहिली. पोरगी ओरडली की ती ओरडू द्यायची. गप्प बस म्हणाली नाही. कळ ओसरली की पाण्याचा घोट द्यायची आणि कानाशी लागून एकच सांगायची, "ही गेली. आता परत येणार नाही. पुढची वेगळी." मी कळांच्या नोंदीच्या तक्त्यावर, पार्टोग्राफवर, खुणा करत होते, ठोके मोजत होते, आणि त्या वाक्याकडे माझंही लक्ष जात होतं. कळांची रात्र एकदम डोळ्यांपुढं आणली की कोणाचाही धीर सुटेल. एकेक कळ मागं टाकत गेलं, तर पार पडते. पहाटे मुलगी झाली. टाके पडले नाहीत.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही लिहिलं पाहिजे. मागच्या खेपेला पोटातच बाळ गेलेली एक बाई आमच्याकडे होती. तिला खोट्या आशेचा शब्द कोणीच देऊ शकत नव्हतं. मी तर मुळीच नाही. बाळ हलतंय का हे बघायला ती रात्री-अपरात्री उठून बसायची. इतरजणी आपापल्या बाळांबद्दल बोलत, तेव्हा ती उठून बाहेर जायची. त्यांच्या ते लक्षात आलं. कोणी ठरवून केलं नाही, पण तिच्यापुढं नावं काढणं, दुपटी शिवणं त्यांनी बंद केलं. आणि रात्री ती उठली की पाळीपाळीनं कोणी तरी तिच्याबरोबर उठायची. दोघी काही बोलत नसत. बाळ हललं की ती मान हलवायची आणि दोघी परत निजायच्या. तिच्यासाठी मी रोज सकाळ-संध्याकाळ डॉपलर लावत असे आणि ठोक्यांचा आकडा तिच्या कार्डावर तिच्यासमोर लिहीत असे. तिची भीती शेवटच्या कळेपर्यंत गेली नाही. बाळ रडलं तेव्हासुद्धा तिनं मला तीनदा विचारलं, जिवंत आहे ना? भीती घालवणं दरवेळी आपल्या हाती नसतं. तिच्याजवळ जागं राहणं मात्र असतं.

हे सगळं आदिवासी भागाचं आहे, आपला काय संबंध, असं कोणाला वाटेल. महाराष्ट्रात आज शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. सुरक्षितता वाढली, आणि तिचं मोल मी कमी लेखणार नाही. वाचलेले जीव मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण दवाखान्यात पोहोचण्याआधीचा शेवटचा महिना शहरातल्या बायका पुष्कळदा एकट्यानं काढतात. माझी भाची पुण्यात असते. नवरा दिवसभर कामावर, आई गावी, ती तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मोबाइलवर लोकांचे वाईट अनुभव वाचत बसलेली. मला रात्री फोन करायची, की पोट घट्ट होतंय, जाऊ का? सांगायचं ते मी सांगायची. पण तिला खरा आधार झाला तो त्याच डॉक्टरांकडे येणाऱ्या आणखी तिघींचा. तपासणीच्या रांगेत ओळख झालेली. त्या चौघी एकमेकींच्या तारखा पाठ करून होत्या. एकीला रक्तस्राव दिसला तेव्हा दुसरीनं रिक्षा करून तिला नेलं. पुण्यातही तसंच घडतं, जे आमच्या पडवीत घडतं.

म्हणून ज्यांच्या हाती काही ठरवणं आहे त्यांना माझं मागणं आहे. माहेरघर बांधताना खाटांइतकीच पडवी महत्त्वाची माना. दोघी-तिघींना एकत्र बसता येईल, एकत्र रांधता येईल अशी जागा ठेवा. धाकट्या पोरांसाठी दूध-अंडं द्या, कारण पोर उपाशी असलं तर आई राहत नाही. सोबत आलेल्या बाईला उपरी समजू नका. तिला जेवण, अंथरूण आणि लेबर रूममध्ये उभं राहायला पडद्याआड जागा द्या. दवाखान्यातल्या तपासणीच्या दिवशी बायकांना रांगेत नुसतं उभं करू नका, अर्धा तास गोल बसू द्या, आणि तिथं अनुभवी बाई बोलेल एवढं बघा. नर्सनं ऐकावं, चुकीचं असेल तिथं सांगावं, आणि धोक्याची खूण कानावर आली की ताबडतोब उठावं.

आणि घरोघरी हे वाचणाऱ्यांनाही एक सांगते. तुमच्या ओळखीत कोणाचे दिवस भरत आले असतील, तर तिला सल्ले देऊ नका, दुसऱ्यांच्या अडलेल्या बाळंतपणांच्या गोष्टी ऐकवू नका. तिला विचारा, रात्री दुखायला लागलं तर तू कोणाला उठवशील? मोठं पोर कोणाकडे ठेवशील? दवाखान्यात तुझ्याजवळ कोण उभी राहील? या तीन प्रश्नांना तिच्याकडे तीन नावं असली पाहिजेत. नसतील, तर त्यातलं एक नाव तुमचं द्या आणि फोन उशाशी ठेवून झोपा.